प्रेक्षक नसलेली शाळा

मंडळी, अमेरिकेतलं हायस्कूल आपल्यापैकी बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेलं असतं. लांबच लांब कॉरिडॉर, भिंतीला लोखंडी लॉकर, दीड-दोन हजार मुलं, त्यांत एक देखणा खेळाडू, कोपऱ्यात बसणारा एक हुशार मुलगा आणि जेवणाच्या सुट्टीत आपापल्या टेबलाला चिकटलेले कंपू. चित्र खोटं नाही, पण ते मोठ्या शाळेचं आहे. मला आज बोलायचंय ते कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, मिनेसोटा, टेक्सासचा पश्चिम भाग, अशा ठिकाणच्या शाळांबद्दल. गावची वस्ती सात-आठशे, कधी तीन-चारशेच. एक मुख्य रस्ता, रेल्वेच्या रुळांजवळ धान्याची उंच कोठारं आणि गावाच्या कडेला शाळा. शेवटच्या इयत्तेत चौदा मुलं, फार तर अठरा. एखाद्या वर्षी सहाच. तिथं कंपू करायचा म्हटलं तरी माणसं पुरत नाहीत.

माणसं पुरत नाहीत, हीच या शाळांची खरी गोष्ट आहे. एक हिशोब मांडू. समजा, नववी ते बारावी मिळून शाळेत साठ मुलंमुली आहेत. आता कामं मोजा. शरद ऋतूत फुटबॉल, म्हणजे तो लांबुळक्या चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, आणि मुलींचं व्हॉलीबॉल. हिवाळ्यात दोघांचं बास्केटबॉल. वसंतात धावण्याच्या शर्यती. शिवाय बँड, गायनवृंद, वर्षाचं एक नाटक, वक्तृत्वाच्या स्पर्धा, विद्यार्थी परिषद, इयरबुक, म्हणजे शाळेचं वर्षाचं फोटोंचं पुस्तक, काढणारी मंडळी, शेती शिकणाऱ्यांची संघटना, आणि प्रत्येक वर्गाचा अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. साठ मुलांत हे सगळं भागवायचं, तर एकेकाच्या वाट्याला चार-पाच कामं येणारच. म्हणून शुक्रवारी रात्री सामन्याच्या मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो, तेव्हा ट्रम्पेट वाजवणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगात बँडचा गणवेश नसतो. खांद्याला पॅड लावलेल्या, चिखलानं माखलेल्या खेळाच्या कपड्यांतच तो रांगेत उभा असतो. वाजवून झालं की ट्रम्पेट कुणाच्या तरी हातात देतो आणि पुन्हा खेळायला पळतो. यात कुणालाही काही नवल वाटत नाही.

हायस्कूल असं गावोगाव पोचलं कसं, ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात हायस्कूल ही मोजक्यांची चैन होती. कलामझू गावच्या काही करदात्यांनी खटला भरला: सगळ्यांच्या करातून हायस्कूल कशाला चालवायचं? १८७४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढं इतर राज्यांतही त्याचा आधार घेतला गेला. तरी १९१० पर्यंत हायस्कूल पुरं करणाऱ्यांचं प्रमाण शंभरात नऊच्या आसपास होतं. १९४० पर्यंत ते पन्नासावर गेलं. तीस वर्षांत एवढी उडी! आणि अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखवलं, की यात पुढं होती ती मोठी औद्योगिक शहरं नव्हेत. पुढं होती आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस अशा राज्यांतली छोटी गावं. शहरातल्या पोरांना कारखाना ओढून नेत होता. इकडं शेतकऱ्यांच्या गावात लोकांच्या ऐपतीत फारसं अंतर नव्हतं, आणि आपला कर कुणाच्या पोरावर खर्च होतोय ते डोळ्यांसमोर दिसत होतं. गावानं आपणहून कर बसवून घेतला, आपलं स्कूल बोर्ड निवडलं, आणि पुढं जिम बांधलं. हे जिम म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं छप्पर. सामने तिथंच, नाटक तिथंच, पदवीदान तिथंच, आणि वादळ आलं तर आसराही तिथंच.

आता वर्गाकडं येतो. नववी ते बारावी म्हणजे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर अशा चार पायऱ्या. पण वर्गाची ओळख पायरीवरून ठरत नाही, शाळा सोडायच्या सालावरून ठरते. नववीत पाऊल टाकल्या दिवसापासून तुम्ही अमुक सालचे. सत्तरीतली बाई दुकानात भेटली, तरी ‘मी एकाहत्तरची’ असं सांगते, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून तिचा भाऊ कोण, तिच्या वर्गानं कोणता सामना जिंकला, सगळं कळतं. लहान गावात हा वर्ग नववीत जमत नाही. त्यातली बरीचशी मुलं पाचव्या वर्षी बालवर्गात एकत्र आलेली असतात आणि तेरा वर्षं एकमेकांसमोर वाढतात. कुणाला दुसरीत उलटी झाली होती, हे बारावीतही सगळ्यांच्या लक्षात असतं. बिचाऱ्याची सुटका नाही.

वर्गाला स्वतःचा निधी असतो, आणि बऱ्याच छोट्या शाळांत तो उभा करायची मुख्य जागा म्हणजे सामन्याच्या वेळचा खाण्याचा ठेला. तो चालवायचा मान, किंवा तो बोजा म्हणा, साधारणपणे ज्युनिअर वर्गाकडं असतो. पॉपकॉर्न, हॉट डॉग, कॉफी, आणि ‘वॉकिंग टाको’ नावाचा एक झकास प्रकार: कॉर्न चिप्सची पिशवी उभी फाडायची, तिच्यात गरम खिमा, चीज, सॅल्सा ओतायचं आणि काटा खुपसून हातात द्यायची. आईबापांच्या पाळ्या लागतात. वर्गात मुलंच बारा-पंधरा, त्यामुळं पाळी चुकवणारं घर लगेच कळतं. हिवाळाभर असे डॉलर-डॉलर जमवून त्या पैशांतून वसंतात प्रॉम करायचा. प्रॉम म्हणजे औपचारिक पोशाखातला नाचाचा समारंभ, हे तुम्हाला माहीत आहे. सिनेमात सहसा दिसत नाही ती गोष्ट अशी, की जुन्या रिवाजाप्रमाणे यजमान ज्युनिअर आणि पाहुणे सीनिअर. सजावट, जेवण, खर्च, सगळं धाकट्यांनी करायचं आणि थोरल्यांनी नुसतं यायचं. थोरल्यांनी गेल्या वर्षी हेच त्यांच्या थोरल्यांसाठी केलेलं असतं. ज्याचं देणं लागतो त्याला ते फेडायची सोयच नाही, फेडायचं पुढच्याला. मला स्वतःला या सगळ्या परंपरांमध्ये ही सर्वांत शहाणपणाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

प्रॉमच्या आधी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवाकडं ‘ग्रँड मार्च’ असतो. जोडी-जोडीनं मुलं जिममध्ये प्रवेश करतात, ध्वनिवर्धकावर नाव पुकारलं जातं, आणि बाकड्यांवर अख्खं गाव बसलेलं असतं. आजी-आजोबा, शेजारी, ज्यांची मुलं केव्हाच शिकून गेली ती मंडळीसुद्धा. काही ठिकाणी त्यासाठी तिकीटही असतं. कुणाचा झगा कसा, कुणी सूटखाली बूट काउबॉयचे घातले, याची चर्चा आठवडाभर पुरते. नाच संपल्यावर आईबाप मुलांना पुन्हा जिममध्ये किंवा बोलिंगच्या अड्ड्यावर कोंडून घेतात आणि पहाटेपर्यंत खेळ, बक्षिसं, खाणं चालू ठेवतात. हेतू साधा: दारू पिऊन कुणी रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी चालवू नये.

वर्गाचं आणखी एक सामान म्हणजे बोधवाक्य, रंग आणि फूल. वर्ग मतदान करून ते ठरवतो आणि पदवीदानाच्या दिवशी ते पत्रिकेवर छापलं जातं. अंगठी असते, ती प्रथा १८३५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सुरू झाली आणि पुढं हायस्कूलपर्यंत झिरपली. काही ठिकाणी शाळा संपेपर्यंत अंगठीची अक्षरं आपल्याकडं तोंड करून घालतात आणि पदवीदानाला ती फिरवतात. इयरबुकात किंवा शाळेच्या पत्रकात वर्गाचं ‘मृत्युपत्र’ छापायची रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. अमका आपली गाडी लावायची जागा तमक्या ज्युनिअरला देऊन जातो, तमकी आपला उशिरा यायचा हक्क धाकट्या बहिणीला. हे विनोद बाहेरच्या माणसाला एक अक्षर कळत नाहीत, आणि ते त्याच्यासाठी लिहिलेलेही नसतात. पण सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे कॉरिडॉरमधल्या चौकटी. दर वर्षाची एक चौकट, आत वर्गातल्या प्रत्येकाचा छोटा फोटो, वर साल. जुन्या शाळेत तुम्ही एका टोकापासून चालत निघालात, की केसांच्या फॅशन बदलत जातात आणि आडनावं तीच राहतात.

होमकमिंगबद्दल मी फार वेळ घेणार नाही, कारण ते सिनेमावाल्यांनी पुरेपूर दाखवलंय. कल्पना महाविद्यालयांची: माजी विद्यार्थ्यांना एका सामन्यासाठी घरी बोलवायचं. पहिला मान कुणाचा यावर भांडण आहे. बेलर १९०९ सांगतं, इलिनॉय १९१०, मिझुरी १९११. हायस्कूलनं ती उचलली आणि तिच्यात आठवडाभराचं वेशांतर, शेकोटी, राजा-राणीची निवड आणि मिरवणूक भरली. लहान गावात मिरवणुकीची अडचण वेगळीच असते. फ्लोट, म्हणजे चित्ररथ, गवताच्या ट्रेलरवर उभे केलेले, त्यावर सगळी मुलं, पुढं बँड, मागं अग्निशमन दलाचा बंब, मग ट्रॅक्टर. गावातलं निम्मं माणूस मिरवणुकीत. बघायला कोण उरतं? मिनेसोटात व्हेलन नावाच्या चिमुकल्या गावानं यावर, शाळेच्या नव्हे, गावाच्या उत्सवासाठी, मोठा मजेशीर तोडगा काढलाय. तिथं मिरवणूक रस्त्यावर उभीच राहते आणि प्रेक्षक तिच्याभोवती फिरून येतात.

ट्रॅक्टरवरून आठवलं. शेती शिकणाऱ्या मुलांची राष्ट्रीय संघटना, एफएफए, १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली. तिचं निळं कॉर्डुरॉयचं जाकीट १९३३ पासूनचं. पाठीवर राज्याचं आणि गावाच्या शाखेचं नाव, छातीवर मुलाचं नाव. मुलींना पूर्ण सभासदत्व मिळायला मात्र १९६९ उजाडावं लागलं. फेब्रुवारीत या संघटनेचा आठवडा असतो आणि कित्येक शाळांत एक दिवस मुलं ट्रॅक्टर चालवत शाळेत येतात. वाहनतळावर गाड्यांच्या जागी हिरव्या-लाल ट्रॅक्टरांची रांग. कुणाच्या बापाकडं केवढा ट्रॅक्टर आहे, हेही त्या दिवशी उघड होतं, ही त्यातली कमी गोड बाजू.

खेळाकडं वळू, कारण माणसं कमी असणं आणि परंपरा घडणं यांचा संबंध तिथं सर्वांत स्पष्ट दिसतो. अमेरिकन फुटबॉलला एका बाजूला अकरा खेळाडू लागतात. मंदीच्या काळात नेब्रास्कातल्या चेस्टर गावच्या शाळेत स्टीफन एप्लर नावाचे शिक्षक होते. आसपासच्या शाळांत अकरा धडधाकट मुलगे मिळत नव्हते. त्यांनी सहा जणांचा फुटबॉल तयार केला. मैदान शंभराऐवजी ऐंशी यार्ड लांब, रुंदीला चाळीस, आणि सहाही जणांना चेंडू झेलून धावायची मुभा. पहिला सामना २६ सप्टेंबर १९३४ ला हेब्रनमध्ये झाला, तोही चार शाळांची मुलं एकत्र करून बनवलेल्या दोन संघांत, आणि १९-१९ असा बरोबरीत सुटला. टेक्सासच्या छोट्या शाळांत हा खेळ आजही जोरात आहे. त्यात गुणांचा इतका पाऊस पडतो, की उत्तरार्धात एका संघाची आघाडी पंचेचाळीसवर गेली तर सामना तिथंच थांबवतात. अकरांच्या खेळात जो जाडजूड मुलगा जन्मभर फक्त समोरच्याला ढकलायचं काम करतो, त्याच्या हातात इथं चेंडू येतो.

आयोवातली मुलींची गोष्ट तर मला याहून आवडते. १९२० च्या दशकात शहरांतल्या शिक्षणतज्ज्ञांचं मत पडलं, की चढाओढीचे सामने मुलींना शोभत नाहीत, झेपतही नाहीत. १९२५ मध्ये आयोवाच्या क्रीडा संघटनेनं मुलींच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं, तेव्हा छोट्या गावांच्या शाळाप्रमुखांनी वेगळी चूल मांडून मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली. शेतावर गवताचे भारे उचलणारी मुलगी बास्केटबॉल खेळल्यानं मोडून पडेल, हे त्या गावांत कुणाला पटण्यासारखं नव्हतं. शिवाय आयोवातला हिवाळा, मंडळी! गावाला संध्याकाळी जायला जागा कुठली होती? त्यांचा खेळ सहाजणींचा: तिघी एका अर्ध्यात फक्त गुण करणार, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवणार, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. १९६८ चा अंतिम सामना युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन खेड्यांच्या शाळांत झाला. जादा वेळेत युनियन-व्हिटननं ११३-१०७ असा जिंकला. त्यात विजयी बाजूच्या डेनिस लाँगनं ६४ गुण केले, आणि हरलेल्या बाजूच्या जेनेट ओल्सननं ७६! पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक संघानं, डेनिस लाँगची निवड जाहीर केली. लीगच्या आयुक्तांनी ती रद्द केली. सहाजणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला.

आणि मिलान, इंडियाना राज्यातलं एक छोटं गाव. त्या राज्यात त्या काळी लहान-मोठ्या सगळ्या शाळांची बास्केटबॉलची एकच स्पर्धा असे. १९५४ मध्ये ७५१ शाळा उतरल्या. अंतिम सामन्यात १६१ विद्यार्थ्यांच्या मिलानची गाठ पडली मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेशी. शेवटच्या सत्रात मिलानच्या बॉबी प्लंपनं चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला. त्या वेळी नियमात ते बसत होतं. मग शेवटच्या क्षणी त्यानं फेक केली आणि मिलाननं ३२-३० असा सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी त्या हजार-अकराशे वस्तीच्या गावात हजारोंनी लोक लोटले. १९९७ नंतर इंडियानानं शाळांच्या आकारानुसार चार गट पाडले. न्यायाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे; साठ पोरांच्या शाळेनं दोन हजारांच्या शाळेकडून दरवर्षी मार का खावा? तरी इंडियानात आजही या निर्णयावरून लोक तावातावानं भांडतात, आणि भांडणारे बहुतेक छोट्या गावांचे असतात. त्यांना हरण्याचं दुःख नव्हतं, नावनिशाणीनिशी त्याच मैदानावर उतरायचा हक्क गेल्याचं होतं.

आता मुद्द्याचा गाभा. १९५९ मध्ये जेम्स कोनंट यांचा अमेरिकन हायस्कूलवरचा अहवाल आला. हे गृहस्थ वीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते, शब्दाला वजन होतं. त्यांनी म्हटलं, शेवटच्या वर्गात निदान शंभर मुलं असतील तरच शाळा धड शिक्षण देऊ शकेल. लहान शाळा एकत्र करा. त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. पंधरा मुलांसाठी भौतिकशास्त्राचा स्वतंत्र शिक्षक, दोन परकी भाषा, प्रगत गणित, हे कुठून आणणार? बऱ्याच छोट्या शाळांत भौतिकशास्त्र एक वर्षाआड शिकवत. परकी भाषा म्हणजे एकच, आणि तीही शिक्षक टिकला तर.

त्याच सुमाराला कॅन्ससमध्ये रॉजर बार्कर नावाचे मानसशास्त्रज्ञ अगदी वेगळा प्रश्न विचारत होते. त्यांनी १९४७ मध्ये ऑस्कलूसा या लहानशा गावात संशोधन केंद्र थाटलं आणि स्वतः कुटुंबासह तिथंच राहायला गेले. माणसं प्रयोगशाळेत कशी वागतात यापेक्षा ती वाण्याच्या दुकानात, चर्चमध्ये, शाळेच्या जिममध्ये कशी वागतात, हे त्यांना मोजायचं होतं. पॉल गंप या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पूर्व कॅन्ससमधल्या तेरा हायस्कुलांचा अभ्यास केला आणि १९६४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्वांत लहान शाळेत ३५ मुलं, सर्वांत मोठीत २,२८७. म्हणजे पासष्टपट. पण मुलांना भाग घेता येईल असे प्रसंग, म्हणजे खेळ, नाटकं, समित्या, मेळावे, वर्ग, हे पासष्टपट नव्हते. आठपटीच्या आसपासच होते. मोठ्या शाळेत एका नाटकाला दहा पात्रं लागतात आणि शेकडो मुलं उरतात. उरलेली कुठं बसतात? समोर, खुर्च्यांत.

बार्कर आणि गंप यांनी मुलांना विचारलं, शाळेत तुम्हाला कशात समाधान मिळालं? मोठ्या शाळेतली मुलं बघण्याबद्दल, मोठ्या गर्दीचा भाग असण्याबद्दल अधिक बोलली. लहान शाळेतली मुलं काहीतरी जमलं, कठीण काम अंगावर पडलं, आपल्यावाचून अडलं असतं, याबद्दल बोलली. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे: अभ्यासात मागं पडलेली, शाळेत कसाबसा जीव रमवणारी मुलं त्यांनी वेगळी काढून पाहिली. मोठ्या शाळेत अशा मुलांना ‘तू ये, तुझी गरज आहे’ असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. लहान शाळेत त्यांच्यावरचा हा दबाव इतर मुलांच्या बरोबरीचा होता. ही काही गावकऱ्यांच्या मनाची थोरवी नव्हे. सहाव्या खेळाडूवाचून सामना होत नाही, म्हणून त्याला घरून गाडीत घालून आणतात.

कोनंट विचारत होते, शाळा मुलाला काय देऊ शकते. बार्कर मोजत होते, शाळा मुलाकडून काय मागते. दोघांच्या उत्तरांत अंतर पडणारच. पण निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर कोनंट यांचा अहवाल होता. अभ्यासक्रमाची यादी कागदावर मांडता येते. बाकड्यावर बसलेला मुलगा यादीत दिसत नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसता गोडवा गायला मी आलेलो नाही. जिथं प्रेक्षक नाही, तिथं लपायलाही जागा नाही. चौदा जणांच्या वर्गात एकाशी बिनसलं तर दुसरा कंपू शोधायची सोय नसते. प्रशिक्षक हाच इतिहासाचा शिक्षक, तोच शेजारी, आणि त्याचाच मुलगा संघात पहिला. ज्या मुलाला खेळ आवडत नाही किंवा जो इतरांपेक्षा वेगळा आहे, त्याला हीच ‘तुझी गरज आहे’ची हाक जाचक होऊ शकते. शिवाय गाव कुणाला आपलं मानतं, हा प्रश्न राहतोच. दक्षिणेत १९७० च्या सुमाराला काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा न्यायालयाच्या आदेशानं एक झाल्या, तेव्हा अनेक छोट्या गावांत शाळेनं प्रॉमच बंद केला आणि गोऱ्या पालकांनी खासगी प्रॉम सुरू केला. मग काळ्या मुलांचा वेगळा. एका वर्गात, एका संघात, आणि नाचाच्या रात्री दोन दारं. मिसिसिपीतल्या चार्ल्स्टन गावात पहिला एकत्र प्रॉम व्हायला २००८ साल उजाडलं. अभिनेता मॉर्गन फ्रीमननं १९९७ मध्येच सगळा खर्च द्यायची तयारी दाखवली होती. अकरा वर्षं ती कुणी स्वीकारली नाही. जॉर्जियाच्या विल्कॉक्स काउंटीत २०१३ मध्ये मुलींनीच पैसे जमवून एकत्र प्रॉम भरवला, मग पुढच्या वर्षी शाळेला जाग आली. परंपरा गावाला बांधून ठेवते असं आपण सहज म्हणून जातो. कुणाला बाहेर ठेवून बांधते, तेही विचारावं लागतं.

पदवीदानाचा दिवस मे महिन्यात येतो. जिममध्ये घडीच्या खुर्च्या, बँडमध्ये आता फक्त धाकटे उरलेले, आणि एल्गारची ती संथ चाल. इंग्रज संगीतकाराची ही धून १९०५ मध्ये येल विद्यापीठानं त्याला मानद पदवी दिली तेव्हा तिथं वाजली, आणि हळूहळू अमेरिकेतल्या शाळांनी ती आपली करून टाकली. अठरा मुलांच्या समारंभाला वेळ मुबलक, म्हणून प्रत्येकाचं नाव सावकाश घेतात. गावातल्या संस्था, बँक, चर्चचं महिला मंडळ, कुणा दिवंगत शिक्षकाच्या नावचा निधी, असे दोनशे-पाचशे डॉलरचे वजीफे एकामागून एक जाहीर होतात. पुढचे शनिवार-रविवार ‘ओपन हाउस’चे. प्रत्येक मुलाच्या घरी, बहुधा गॅरेजमध्ये, टेबलं मांडलेली, फोटोंचा फळा, सँडविच, केक. गाव या घरून त्या घरी जेवत फिरतं. दुपारी तीनपर्यंत कुणाला केक बघवत नाही, पण नाही म्हणायची सोय नसते.

यातला पेच पॅट्रिक कार आणि मारिया केफलास या समाजशास्त्रज्ञ दांपत्यानं उघड केला. ते आयोवातल्या एका छोट्या गावात जाऊन राहिले आणि २००९ मध्ये त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. गाव ज्या मुलांवर सर्वाधिक मेहनत घेतं, ज्यांना शाबासकी आणि वजीफे देतं, ती कॉलेजला जातात आणि बहुतेक परत येत नाहीत. जी मुलं गावातच राहून शेत, गॅरेज, कारखाना सांभाळणार असतात, त्यांच्याकडं शाळेचं लक्ष सर्वांत कमी. गाव पोटच्या अभिमानानं स्वतःला रिकामं करत जातं. पदवीदानाला वाजणाऱ्या टाळ्या मी तेव्हापासून जरा निराळ्या कानांनी ऐकतो.

आणि रिकाम्या गावाची शाळा टिकत नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १,१७,००० हून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारे स्थानिक विभाग, होते. आज तेरा हजारांच्या आसपास उरलेत. शेतीत यंत्रं आली, शेतं मोठी झाली, कुटुंबं कमी झाली, रस्ते आणि बस सुधारल्या. कोनंट यांनी न सांगताही यातलं बरंच झालं असतं. दोन-तीन गावं मिळून एक शाळा करतात तेव्हा पहिलं भांडण इमारतीवरून होतं, दुसरं नावावरून. मिनेसोटात मेनार्ड, क्लॅरा सिटी आणि रेमंड या तीन गावांच्या शाळेचं नाव ‘मॅकरे’. तिघांची अक्षरं जोडून केलेलं. बर्ड आयलंड, ऑलिव्हिया आणि लेक लिलियन यांचं ‘बोल्ड’. कुठं हायस्कूल एका गावाला दिलं, तर प्राथमिक शाळा दुसऱ्याला. फुटबॉल इकडं, बास्केटबॉल तिकडं. रंग आणि संघाचं बोधचिन्ह मात्र अनेक ठिकाणी मोठ्यांनी मुलांच्या मतदानावर सोपवलं, आणि ते शहाणपणाचं ठरलं. मुलं नव्या रंगांत लवकर रुळतात. आजोबा जुन्या रंगाची टोपी घालून नव्या संघाचा सामना बघायला येतात.

शाळा बंद झालेल्या गावात एक गोष्ट मात्र चालू राहते: माजी विद्यार्थ्यांचं जेवण. नेब्रास्का, कॅन्ससकडं ते मे महिन्याच्या अखेरीला, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून असतं, कारण तेव्हा लोक स्मशानात फुलं ठेवायला गावी येतातच. एकेका सालचा पुकारा होतो आणि त्या त्या वर्गाची माणसं उभी राहतात. शाळेची इमारत पाडली असेल, तर कॉरिडॉरमधल्या चौकटी गावाच्या सभागृहात किंवा छोट्या संग्रहालयात लावलेल्या असतात. पण शेवटच्या वर्गानंतर नवं साल येत नाही. स्वयंपाकाला, निधीला, पत्रं पाठवायला, खुर्च्या मांडायला दरवर्षी तीच माणसं, एका वर्षानं म्हातारी झालेली. शाळेत असताना जे चौघं संघात, बँडात आणि नाटकात होते, तेच आता समितीत. म्हणून काही गावांनी हे जेवण दरवर्षीऐवजी दोन किंवा पाच वर्षांनी करायचं ठरवलंय, आणि काही ठिकाणी स्वयंपाक बाहेरून मागवतात. खुर्च्या मात्र अजून स्वतःच मांडतात.